उचलण्याआधी: जखमी किंवा पोरके वन्यजीव आढळल्यास काय करावे

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत एक प्रसंग दर वर्षी कुठे ना कुठे घडतो. तोडणीची टोळी सरीमागून सरी मोकळी करत फडाच्या मध्यावर येते, पाचटात काहीतरी हलते, कोयते थांबतात आणि कोणीतरी ओरडते, ‘बिबट्याची पिल्लं!’ पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत काय होते, यावर त्या बछड्यांचे पुढचे सगळे आयुष्य ठरते. कोणी त्यांना उचलून बांधावर आणतो, कोणी मांडीवर घेऊन फोटो काढतो, कोणी वस्तीवरून वाटीभर दूध मागवतो आणि तोवर पोरेटोरे भोवती गोळा झालेली असतात. यांतल्या एकाच्याही मनात वाईट नसते. तरीही ही सगळी कामे बछड्यांच्या जिवावर उठणारी असतात, कारण त्यांची आई बहुतेक वेळा शेजारच्या उभ्या उसातच दडून अंधार पडण्याची वाट पाहत असते.

या भागात वन विभागाच्या कर्मचाऱ्यांना मदत करताना जे पाहिले, पशुवैद्यकांकडून जे शिकलो आणि ज्या चुका माझ्याही हातून झाल्या, त्या आधारे हे मार्गदर्शन लिहीत आहे. बिबट्यापासून चिमणीपर्यंत प्रत्येक प्राण्याची गरज वेगळी असते, परंतु सुरुवात सगळीकडे एकच आहे. आधी थांबावे, लांबून पाहावे, फोन करावा आणि मगच, तसे सांगितले गेले तर, हात लावावा.

एकटे म्हणजे पोरके नव्हे

माणसाचे तान्हे मूल एकटे दिसले तर ते टाकलेले किंवा हरवलेले आहे, असे आपण धरून चालतो. हाच नियम आपण रानातल्या पिल्लांना लावतो आणि तिथेच फसतो. शिकारीला जाणारी बिबट मादी आपले दोन-तीन बछडे दाट आडोशाला ठेवून तासन्‌तास दूर असते. काळवीट आणि चिंकारा यांच्या माद्या नवजात पाडसाला गवतात किंवा झुडपाखाली निपचित बसवून लांब चरतात. पाडसाजवळ उभे राहिले तर लांडग्या-कोल्ह्याचे लक्ष तिकडे जाईल, म्हणून त्या मुद्दामच अंतर राखतात. सशाची मादी तर दिवसातून बहुधा एखाद्याच वेळी पिल्लांना पाजायला येते आणि बाकीचा वेळ ती उघड्या डोळ्यांची, अंगभर केस असलेली पिल्ले गवताच्या एका लहानशा खळग्यात न हलता बसून असतात. अशी पिल्ले आपण जवळ गेल्यावर पळत नाहीत, याचा अर्थ ती आजारी किंवा माणसाळलेली आहेत असा नाही. न हलणे हेच त्यांचे संरक्षण आहे.

घरांच्या माळ्यावर किंवा कौलांखाली उदमांजराची पिल्ले सापडतात, तेव्हाही हेच घडते. आई रात्री बाहेर पडते, पहाटेपर्यंत परत येते आणि जागा धोक्याची वाटली तर स्वतःच पिल्लांना एकेक करून हलवते. घरमालकाने काही रात्री कळ काढली, माळ्यावर जाण्याचा तिचा मार्ग बंद केला नाही आणि पिल्ले मोठी होऊन निघून गेल्यावर फट बुजवली, तर प्रश्न मिटतो. घाईने फट आधीच बुजवली, तर आई बाहेर आणि पिल्ले आत, अशी वेळ येते.

मग पिल्लू खरोखर संकटात आहे हे ओळखावे कसे? अंगावर रक्त आहे, पाय किंवा पंख लोंबतो आहे, जखमेत अळ्या किंवा माशीची पांढरी अंडी दिसत आहेत, कुत्र्या-मांजराने तोंडात धरले होते, आई शेजारी मेलेली आहे, पिल्लू गार आणि लुळे पडले आहे, किंवा ते जाळ्यात अथवा तारेत अडकले आहे, तर थांबायचे कारण नाही आणि लगेच मदत मागवावी. यांपैकी काहीही नसेल, तर ते पिल्लू तिथेच राहू द्यावे. आपण किमान पन्नास-साठ पावले मागे सरून आडोशाने पाहावे, कुत्री बांधावीत आणि बघ्यांना घरी पाठवावे. आई परत येत नाही म्हणून तक्रार करणारे लोक अनेकदा पिल्लाच्या भोवतीच उभे असतात.

उसातले बछडे

आधी ते बछडे कोणाचे आहेत, हा प्रश्न येतो. उसाच्या फडात बिबट्याप्रमाणेच रानमांजर आणि वाघाटी यांचीही पिल्ले सापडतात आणि अंगावर ठिपके किंवा पट्टे दिसले की सगळ्यांनाच ‘बिबट्याची’ ठरवले जाते. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान मार्जारांपैकी एक असून पूर्ण वाढलेली मादीसुद्धा घरच्या मांजरापेक्षा लहान असते. तिच्या पिल्लाचे चेहरे बारीक, अंगावर रांगेने लहान ठिपके आणि कपाळावरून मागे जाणाऱ्या फिकट रेषा असतात. रानमांजराच्या पिल्लांवर पट्टे असतात आणि वाढत्या वयात ते पुसट होतात. बिबट्याचा बछडा मात्र अंगाने ठोकळ, पंजा जाड आणि अंगभर दाट काळपट ठिपक्यांचा असतो. हा फरक तुम्हाला जागेवर करता आला नाही तरी चालेल. लांबून काढलेले एक स्पष्ट छायाचित्र वनरक्षकाला पाठवले, तर तो करील. तिन्ही बाबतींत उपाय जवळपास सारखाच आहे.

तोडणी ताबडतोब थांबवून सर्वांनी फडाबाहेर यावे, कारण बिबट मादी जवळ असेल तर तिला उभ्या उसातून निघून जाण्यासाठी एक बाजू मोकळी हवी. माणसांनी चारी बाजूंनी फड वेढणे हा हल्ला ओढवून घेण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. बछडे जिथे दिसले ती सरी लक्षात ठेवून बांधावर दगड किंवा काठीला बांधलेले फडके लावून खूण करावी. ही खूण क्षुल्लक वाटते, परंतु तोडणी अर्ध्यावर असलेल्या फडात दोन तासांनी तीच जागा शोधणे किती अवघड असते, हे मी अनेकदा अनुभवले आहे, आणि आई त्याच जागी शोधायला येते. मग वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर किंवा आपल्या बीटच्या वनरक्षकाला फोन करावा.

कर्मचारी आल्यावर पशुवैद्यक बछडे तपासतात, जखम, अशक्तपणा किंवा पाण्याची कमतरता असेल तर उपचार करतात आणि सायंकाळी त्यांना त्याच जागी ठेवण्याची तयारी होते. मी पहिल्यांदा हे पाहिले, तेव्हा वापरलेली साधने बघून थक्क झालो होतो. भाजीचा एक प्लॅस्टिकचा क्रेट, तळाला उसाचे पाचट, आईला बाहेर काढता येईल इतकी कमी उंची आणि समोर खांबाला बांधलेला एक ट्रॅप कॅमेरा, म्हणजे हालचाल झाली की आपोआप छायाचित्र काढणारा कॅमेरा, एवढेच. साडेसहाला सगळी माणसे निघाली, वस्तीवरचे दिवे मंद केले गेले आणि आम्ही दूर रस्त्यावर गाडीत काचा बंद करून बसलो. कॅमेऱ्यातल्या चित्रांत नंतर दिसले की मादी नऊच्या सुमारास आली, क्रेटभोवती एक फेरी मारून थबकली, परत उसात गेली आणि पाऊण तासाने येऊन पहिल्या बछड्याला मानेला धरून घेऊन गेली. दुसऱ्यासाठी ती मध्यरात्रीनंतर आली. या मधल्या वेळात कोणी बॅटरी मारत तिकडे गेले असते, तर दुसरा बछडा तिथेच राहिला असता.

पहिल्या रात्री मादी आली नाही, तर पुढच्या रात्री पुन्हा प्रयत्न केला जातो. सगळे प्रयत्न फसले तरच बछड्याची रवानगी निवारा केंद्रात होते, जसे जुन्नरजवळचे माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्र. तिथे त्याची काळजी उत्तम घेतली जाते, परंतु आईजवळ दीड-दोन वर्षे राहून शिकार शिकायची असते ती पिंजऱ्यात कोणी शिकवू शकत नाही आणि असा बिबट्या पुन्हा रानात सोडणे जवळजवळ अशक्य होते. म्हणूनच शेतकऱ्याने एक-दोन दिवस तोडणी थांबवणे, किंवा निदान तेवढा तुकडा शेवटी तोडणे आणि पाचट पेटवण्याची घाई न करणे, ही बछड्यासाठी कोणत्याही औषधापेक्षा मोठी गोष्ट आहे. कारखान्याची ऊसतोडणीची पाळी आणि टोळीचा रोज यामुळे हे सोपे नसते, याची मला जाणीव आहे. तेव्हा मुकादमाशी वनरक्षकाने स्वतः बोलावे, असा आग्रह धरावा.

घरट्यातून पडलेली पिल्ले

‘माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात’ असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते आणि त्यामुळे घरट्यात सहज परत ठेवता येणारी पिल्ले खोक्यात घालून घरी आणली जातात. बहुतेक पक्ष्यांच्या बाबतीत हे खरे नाही. पिल्लू ओळखायला ते वासावर अवलंबून नसतात आणि आपल्या स्पर्शामुळे त्याला सोडून देत नाहीत. ते दूर जातात ते घरट्यापाशी आपला वावर वाढल्यामुळे.

पिल्लाच्या अंगावर पिसे नसतील किंवा नुसते कोंब असतील, तर त्याची जागा घरट्यात आहे. घरटे दिसत असेल आणि हात पोहोचत असेल, तर पिल्लू हलकेच उचलून आत ठेवावे. घरटे मोडले असेल, तर लहानशी परडी किंवा तळाला भोके पाडलेली प्लॅस्टिकची डबी घ्यावी, तीत वाळलेले गवत आणि काथ्या भरावा आणि शक्यतो त्याच फांदीवर, सावलीत, मांजर पोहोचणार नाही अशी घट्ट बांधावी. तळाची भोके विसरू नयेत, नाहीतर वळवाच्या एका सरीत परडीचे तळे होते. त्यानंतर दोन तास लांबून पाहावे. आई-वडील चारा घेऊन येताना दिसले की काम झाले.

अंगावर पिसे आहेत, शेपूट आखूड आहे, टुणटुण उड्या मारते आहे, परंतु नीट उडत नाही, असे पिल्लू मात्र घरट्यातून पडलेले नसते. ते उडायला शिकत असते आणि हे दिवस जमिनीवर किंवा खालच्या फांद्यांवरच जातात. त्याला जवळच्या झुडपात उंचावर ठेवावे आणि घरचे मांजर काही दिवस आत ठेवावे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या चिंचेखाली पिंगळ्याचे एक पिल्लू बसलेले आढळले. राखी कापसाचा गोळा असावा तसे अंग, आणि जवळ गेले की ते मान खाली-वर करून आपल्याकडे टक लावून बघे. शेजारच्या काकूंना ते अपशकुनी वाटले आणि त्यांनी ते दूर नेऊन सोडायला सांगितले. त्यांना समजावून आम्ही पिल्लाला जाड पंच्यात धरून चिंचेच्या बेचक्यात, ढोलीच्या शेजारी ठेवले आणि अंगणातला दिवा बंद केला. साडेसातच्या सुमारास एक मोठा पिंगळा तारेवर येऊन बसला, कर्कश ओरडला, मग दुसरा आला, आणि त्यानंतर जवळपास अर्धा तास ते दोघे आळीपाळीने किडे आणून भरवत होते. त्या आवाजाला अपशकुन समजून किती पिल्ले घालवली गेली असतील, असा विचार तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

झाडे तोडताना किंवा पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटताना बगळ्यांची आणि पाणकावळ्यांची संपूर्ण वसाहतच खाली येते, तेव्हा हे घरगुती उपाय पुरत नाहीत. तिथे काम थांबवून वन विभागाला बोलावणे एवढाच मार्ग आहे, आणि छाटणी विणीच्या हंगामाबाहेर ठेवण्याची मागणी गृहनिर्माण संस्थेच्या सभेत आधीच मांडून ठेवावी.

दूध नको, पाणीही नको

सर्वांत जास्त प्राणी ज्या चुकीमुळे दगावतात, ती चूक प्रेमापोटीच घडते. गाई-म्हशीच्या दुधातली साखर आणि स्निग्धांश रानातल्या बहुतेक पिल्लांना पचत नाही, त्यांना जुलाब होतात आणि आधीच पाणी कमी झालेले शरीर काही तासांत कोलमडते. पक्ष्यांना तर दूध देण्याचा प्रश्नच येऊ नये. पोळीचे तुकडे, दूधभात, कच्चा कीमा हेही देऊ नये. गार पडलेल्या प्राण्याला अन्न पचवता येत नाही, म्हणून आधी ऊब, मग पाणी, मग अन्न हा क्रम असतो, आणि पहिली पायरी तेवढी आपली, बाकीच्या दोन पशुवैद्यकाच्या आहेत.

पाण्याबद्दल मी अधिक कळकळीने लिहितो, कारण महाविद्यालयात असताना एका कडक उन्हाळ्यात माझ्या हातून एक कोकीळ गेला. तो फुटपाथवर पंख पसरून पडला होता, चोच उघडी होती आणि मी ड्रॉपरने त्याच्या चोचीत पाणी सोडले. दोन-तीन थेंबांनंतर त्याच्या नाकपुड्यांतून बुडबुडे आले, मान मागे गेली आणि तो माझ्या तळहातावर निश्चल झाला. नंतर एका पशुवैद्यकाने मला एका पक्ष्याची चोच उघडून दाखवली. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, त्यामुळे चोचीत वरून सोडलेले पाणी थेट फुप्फुसात जाते. पक्षी शुद्धीवर असेल, मान धरून बसलेला असेल, तर उथळ वाटीत पाणी पुढे ठेवावे आणि त्याचे त्याला प्यायचे असेल तर पिऊ द्यावे. बेशुद्ध, झटके येणाऱ्या किंवा मान टाकलेल्या कोणत्याही प्राण्याच्या तोंडात एक थेंबही सोडू नये.

खोके कसे तयार करावे

लहान पक्ष्याला किंवा प्राण्याला हलवण्यास वनरक्षकाने किंवा उपचार केंद्राने फोनवर संमती दिली, तर पिंजरा आणि पिशवी या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. पिंजऱ्याच्या गजांवर पंख आपटून मोडतात आणि पिशवीत जीव गुदमरतो. पुठ्ठ्याचे झाकणाचे खोके सर्वांत चांगले. प्राणी आत ठेवण्यापूर्वीच खोक्याच्या वरच्या भागाला पेन्सिलीने आतून बाहेर भोके पाडावीत, म्हणजे पुठ्ठ्याची टोके आत राहत नाहीत. तळाला जुना सुती पंचा दुमडून घालावा. टर्किशचा टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखे अडकतात. पिल्लू गार असेल, तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी, जेणेकरून त्याला नको असेल तेव्हा दुसरीकडे सरकता येईल.

पक्ष्याला पकडताना मागच्या बाजूने त्याच्यावर पंचा टाकून, पंख अंगाशी मिटवून दोन्ही हातांनी धरावे. छाती आवळू नये, कारण श्वास घेण्यासाठी पक्ष्याची छाती हलावी लागते. घारीची आणि घुबडाची चोच फारशी घातक नसते, पण नखे असतात. बगळा, ढोकरी आणि पाणकावळा यांच्यापासून चेहरा दूर ठेवावा, कारण ते थेट डोळ्यांवर चोच मारतात. खोके बंद केले की ते उघडून पुन्हापुन्हा पाहू नये. अंधार आणि शांतता यांमुळे प्राण्याची धडधड कमी होते. गाडीत रेडिओ लावू नये, मुलांना खोके मांडीवर देऊ नये आणि आपल्या डोळ्यांना तो कितीही शांत वाटला तरी त्याला थोपटू नये. रानातल्या जिवाला माणसाच्या हाताने धीर येत नाही.

खिडकीच्या काचेवर आपटून पडलेला तांबट किंवा खंड्या अशा खोक्यात तास-दोन तास ठेवला, तर बहुतेकदा सावरतो. झाकण मोकळ्या जागी उघडून पाहावे. उडाला तर उत्तम, न उडाल्यास उपचार केंद्र गाठावे. मांजराच्या तोंडातून सुटलेला पक्षी मात्र धडधाकट दिसला तरी सोडू नये, कारण मांजराच्या लाळेतले जंतू दाताच्या न दिसणाऱ्या छिद्रातून आत जातात आणि प्रतिजैविके मिळाली नाहीत तर तो एक-दोन दिवसांत मरतो.

मांजा, जाळी आणि तार

संक्रांतीच्या आसपास झाडाला लटकलेल्या घारी, बगळे आणि वटवाघळे सगळ्याच शहरांत दिसतात. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो. लटकलेला पक्षी खाली ओढू नये. अग्निशमन दलाला १०१ वर फोन करावा, त्यांच्याकडे शिडी असते. पक्षी हाती आल्यावर पंखात रुतलेला मांजा उपसून काढू नये, कारण तो बाहेर येताना स्नायू आणि शिरा कापत येतो. दोन्ही बाजूंना वीतभर दोरा ठेवून कात्रीने तोडावा आणि रुतलेला भाग पशुवैद्यकावर सोडावा.

द्राक्षबागेच्या आणि कुंपणाच्या नायलॉन जाळीत अडकलेल्या सापाला हाताने सोडवायला जाऊ नये. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे ओळखण्यात भल्याभल्यांची गफलत होते. वन विभागाने ओळखलेल्या सर्पमित्राला बोलावावे आणि तो येईपर्यंत जाळीवर ओले गोणपाट टाकून सावली करावी. विजेच्या तारांखाली पडलेल्या वानराला किंवा वटवाघळाला हात लावण्यापूर्वी १९१२ वर कळवून वीजपुरवठा बंद करून घ्यावा. मेलेल्या वानरीला पिल्लू चिकटलेले असेल आणि टोळी आसपास असेल, तर ते ओढून काढू नये. टोळी आक्रमक होते, आणि कधीकधी तिच्यातली दुसरी मादी ते पिल्लू उचलते. तोवर रस्त्यावरची वाहने थांबवणे, एवढे आपल्या हातात असते.

मोठे जनावर, विहीर आणि गर्दी

डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूड भागात एक गवा शिरला होता. काही तास माणसे त्याच्या मागे आणि तो माणसांच्या पुढे, असा प्रकार चालला आणि पकडल्यानंतर तो मेला. गवा, काळवीट, चितळ यांसारखे प्राणी धावून आणि भीतीने इतके थकतात की स्नायूंचे नुकसान होऊन पकडल्यानंतरही दगावतात. म्हणून रस्त्यावर आपटलेल्या हरणाला उचलून गाडीच्या डिकीत घालणे हा उपकार ठरत नाही. गाडी सुरक्षित अंतरावर थांबवून इशाऱ्याचे दिवे लावावेत, मागून येणाऱ्यांना सावध करावे, १९२६ किंवा ११२ वर कळवावे. ते उठू शकत नसेल आणि जवळ जाणे सुरक्षित असेल, तर त्याच्या डोळ्यांवर फडके टाकावे आणि बोलणे बंद करावे. जखमी बिबट्या, तरस, रानडुक्कर, अस्वल किंवा माकड यांच्या जवळ मात्र कोणत्याही कारणाने जाऊ नये. मेल्यासारखा पडलेला बिबट्या क्षणात उठतो.

कठडा नसलेल्या विहिरीत बिबट्या पडणे हे आमच्या भागात नवे नाही. तो पोहत असतो, परंतु किती वेळ पोहेल याला मर्यादा असते. वन विभाग येईपर्यंत गावकऱ्यांनी चारही कोपऱ्यांना दोर बांधलेली बाज पाण्यावर सोडली, तर तो तिच्यावर बसून राहतो. मग पथक पिंजरा सोडून त्याला वर घेते, किंवा रात्री शिडी लावून सगळे दूर जातात आणि तो आपला आपण निघून जातो. उदमांजर, कोल्हा किंवा मुंगूस पडले असेल, तर फांद्या छाटलेला एखादा लांब ओंडका तिरका सोडून माणसांनी बाजूला व्हावे. पाण्यातल्या प्राण्याला वर गर्दी दिसत असेल, तर तो शिडी समोर असूनही चढत नाही.

किनाऱ्यावर

कोकणातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना आहे. पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेले समुद्री कासव दमलेले, जखमी किंवा जाळ्याच्या तुकड्यात गुंतलेले असते. त्याला लोक पुन्हा समुद्रात ढकलतात. ते कासव श्वास घेण्यासाठी वर येऊ शकत नाही आणि बुडते. त्याला सावलीत ठेवावे, पाठीवर ओले फडके टाकावे, नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात, पाठीवर उलटे करू नये आणि पाण्याच्या टाकीतही ठेवू नये. डहाणूला कासवांसाठी उपचार केंद्र आहे आणि किनाऱ्यावरच्या कोणत्याही गावातून वन विभागामार्फत तिथे किंवा जवळच्या पशुवैद्यकाकडे पोहोचता येते. मासेमारीच्या जाळ्यात सापडलेले कासव सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला राज्य शासनाकडून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. त्यासाठी कापलेल्या जाळ्याची आणि सोडलेल्या कासवाची छायाचित्रे काढून ठेवावीत.

चावा घेतल्यास

मुंगूस, कोल्हा, माकड, उदमांजर, वटवाघूळ किंवा कोणताही सस्तन प्राणी चावला अथवा त्याने ओरबाडले, तर ‘खरचटले तर आहे’ म्हणून सोडू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण दोन मिनिटांनाच १५ मिनिटे झाल्यासारखे वाटते. हळद, चुना, मिरची यांतले काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी, जखमेतून रक्त आले असल्यास इम्युनोग्लोब्युलिनबद्दल, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनबद्दल, डॉक्टरांना स्वतःहून विचारावे आणि ठरलेल्या तारखांना सगळे डोस पूर्ण करावेत. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय उरत नाही. वटवाघूळ तर जिवंत असो वा मेलेले, उघड्या हाताने कधीही उचलू नये.

घरी ठेवू नये, आणि छायाचित्र टाकू नये

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार सापडलेला वन्य प्राणी शासनाची मालमत्ता असतो आणि तो ज्याच्या ताब्यात आला त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. पोपट, कासव, मोराची अंडी, सशाचे पिल्लू हे सगळे यात येते. शेतात मिळालेली मोराची अंडी कोंबडीखाली उबवण्याची पद्धत अजूनही आहे, परंतु माणसांत वाढलेला मोर कुत्र्याला घाबरत नाही आणि पहिल्याच मोठ्या कुत्र्याला बळी पडतो.

मांडूळ, खवले मांजर आणि घुबड यांची तस्करी होते. यांच्यापैकी काही सापडले, तर त्याचे छायाचित्र गावाच्या गटावर टाकू नये, ठिकाण तर मुळीच लिहू नये. छायाचित्र थेट वनरक्षकाला पाठवावे. फोन करताना गाव, गट क्रमांक किंवा रस्त्यावरचा किलोमीटरचा दगड, प्राणी कधीपासून तिथे आहे, हलतो आहे का, कुत्री किंवा गर्दी आहे का आणि तुम्ही आतापर्यंत त्याला काही खाऊ-पिऊ घातले आहे का, हे सांगावे. शेवटचा प्रश्न लोक लाजून टाळतात. दूध पाजले असेल तर तसे सांगावे, पशुवैद्यकाला उपचार ठरवायला ते उपयोगी पडते.

नागपुरात सेमिनरी हिल्सवर, पुण्यात बावधनला वन्यजीवांवर उपचार करणारी केंद्रे आहेत. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही बिबट्यांसाठी सोय आहे. प्राणी तिथे किंवा वनरक्षकाच्या स्वाधीन करताना खोक्याच्या झाकणावर मार्करने दिनांक, वेळ, सापडण्याची नेमकी जागा, झाड किंवा शेताची खूण आणि काय घडले ते दोन ओळींत लिहावे. खोके चार हातांतून जाते आणि तोंडी सांगितलेले मध्येच गळून पडते. बरा झालेला पिंगळा किंवा कोल्हा त्याच्या स्वतःच्या टापूत सोडायचा, तर तो टापू कोणता, हे तीन आठवड्यांनी त्या झाकणावरच्या दोन ओळींवरूनच कळते.